आठ वॅट, दोन भोंगे आणि नागपूरचा मे महिना

लोकांना वाटते ट्यूब अँप, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा अँप्लिफायर, आणि जुने हॉर्न स्पीकर घरी आणले म्हणजे आवाज काढायला फार कष्ट पडत असतील. काही नाही हो. आवाज पहिल्याच दिवशी निघतो, आणि असा निघतो की मागच्या गल्लीतले भाऊ येऊन विचारतात कोणाकडे लग्न आहे का. खरा डोक्याला ताप आहे तो म्हणजे गाणं बंद असताना स्पीकरला गप्प बसवणं. आणि ते नागपुरात, मे महिन्यात, कूलर असलेल्या घरात.

आधी हिशोब सांगून टाकतो, नाहीतर पुढचा छळ समजणार नाही. माझा अँप 300बी नावाच्या ट्रायोड जातीच्या ट्यूबचा, सिंगल एंडेड, म्हणजे एका बाजूला अशी एकच ट्यूब आणि आठ वॅट. हो, आठच. पोरगा म्हणाला बाबा, माझ्या ब्लूटूथच्या डब्यावर वीस लिहिलंय. लिहू दे बापा. 300बी ही वेस्टर्न इलेक्ट्रिकची 1938 सालची ट्यूब, त्या काळी टॉकीजच्या अँपमधून वॅट असेच मोजूनमापून निघायचे आणि बोलपट तर शेकडो लोकांना ऐकवायचा, मग इंजिनिअर लोकांनी काय केलं, तर स्पीकरच असे बनवले की एवढ्याशा पॉवरवर ते बोंबलले पाहिजेत. त्यालाच हॉर्न म्हणायचं, आमच्या घरी भोंगा. साध्या बुकशेल्फ स्पीकरला एक वॅट दिला की तो एक मीटरवर 85 ते 88 डेसिबल देतो, हे जुने भोंगे शंभरच्या आसपास किंवा वरच. आता 88 आणि 100 मध्ये फरक नुसता 12 चा दिसतो, पण दर 3 डेसिबलला पॉवर दुप्पट लागते, दोन, चार, आठ, सोळा, म्हणजे त्याला सोळा वॅट द्यायचे तिथे याला एक पुरतो. घरी बसून आरामात ऐकायला तर एका वॅटचा शंभरावा हिस्साही पुष्कळ झाला. थोडक्यात आठातले पावणेआठ वॅट मी नुसते पाळून ठेवले आहेत. बायको सीए आहे, ती याला आयडल कपॅसिटी म्हणते आणि पुढे काही बोलत नाही, पण तिचं न बोलणंही ऑडिट असते.

माझ्या मनात खरं तर क्लिप्शहॉर्न होते. पॉल क्लिप्श नावाच्या अमेरिकन माणसाने 1946 मध्ये बाजारात आणलेला स्पीकर, खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा, मग दोन्हीकडच्या भिंतीच त्याच्या भोंग्याचा पुढचा भाग होतात. कल्पना फारच भारी, पण त्या माणसाने नागपूरचा हॉल पाहिलेला नसावा. आमच्या हॉलला कोपरे चार आहेत, एका कोपऱ्यात कूलर, एकात फ्रिज, एकात देवघर आणि चौथ्यात दार उघडते. आईला विचारलं देव थोडे सरकवू का. तिने पाहिलं माझ्याकडे. विषय संपला.

मग विदर्भातल्याच एका बंद पडलेल्या टॉकीजच्या पडद्यामागून ही जोडी मिळाली, आल्टेक लॅन्सिंग, व्हॉइस ऑफ द थिएटर, ए-7. टॉकीजच्या पडद्याला बारीक बारीक भोकं असतात माहीत आहे नं, ती यांच्यासाठीच, हे मागे उभे राहून त्या भोकांतून बोलतात. उंची 42 इंच, रुंदी 30, खोली 24, आणि वर तो अ‍ॅल्युमिनियमचा भोंगा. टेम्पोतून उतरवताना पोट्ट्यांनी विचारलं काकाजी, आटाचक्की टाकून राहिले का. सांगायचा मुद्दा हा की ज्या वस्तूला शेवटच्या रांगेतल्या चार आणेवाल्यापर्यंत आवाज पोचवायची सवय, तिच्यासमोर मी दहा फुटावर सोफ्यावर बसतो.

पहिल्या रात्री अँप सुरू केला, अजून गाणं लावायचं होतं, आणि दोन्ही भोंग्यांतून आवाज आला. हूंऽऽऽ. एकसारखा, न थांबता, अगदी मन लावून.

हा हम. साध्या स्पीकरवर तो मेलेला असतो, अँपमधून एखाद-दोन मिलिव्होल्ट गळून राहिले तरी कोणाच्या कानाला कळत नाही. भोंग्याला सगळं कळते. तो अँपच्या पोटातली कुजबूजही हॉलभर जाहीर करतो. आणि 300बी च्या फिलॅमेंटला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, एसी करंट दिला असला तर विजेचा पन्नास हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला पन्नास हेलकाव्यांचा, हम ठरलेलाच, त्यासाठी मागे हम-पॉट नावाचं बटण असते, ते स्क्रू-ड्रायव्हरने हळूहळू फिरवायचं, एका जागी हम एकदम खाली बसतो, आपण आनंदाने श्वास सोडतो आणि तेवढ्यात लक्षात येते की पन्नासचा गेला पण त्याच्या दुपटीचा, शंभरचा, उरला. तो पॉटने जात नाही. आणि माणसाच्या कानाला पन्नासपेक्षा शंभर जास्त चांगलं ऐकू येते, ही निसर्गाची वेगळी मेहेरबानी.

मग इतवारीतले रेडिओवाले काका आणले. वय सत्तरच्या पुढे, आयुष्यभर व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेला माणूस, आजही त्यांच्या ड्रॉवरमध्ये बंगलोरच्या बीईएलचे, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, जुने व्हॉल्व्ह कागदात गुंडाळून ठेवलेले आहेत. त्यांनी अँपकडे पाहिलंच नाही. आधी चहा घेतला, मग भोंग्यात डोकं घातलं, मग म्हणाले, "भाऊ, अँप चांगला हाय तुमचा. हा भोंगा लय खरं बोलते, त्याले काय करसान?" मग पेन्सिलच्या मागच्या टोकाने एकेक ट्यूब टिचकवली, त्यातली एक छोटी टण्ण करून वाजली, ती मायक्रोफोनिक आहे, म्हणजे धक्का लागला की स्वतःच वाजते, म्हणून काढली, ड्रॉवरमधली ईसीसी83 नावाची छोटी ट्यूब लावली. टण्ण गेलं. हूं राहिलं.

"दोन बोर्डावर लावलं का सगळं?" मी म्हटलं हो, टर्नटेबल टीव्हीच्या बोर्डावर आहे, अँप कूलरच्या. काकांनी कपाळावर हात मारला. दोन जागी अर्थ मिळाला की त्या दोघांत आणि सिग्नलच्या वायरीत मिळून एक चक्कर तयार होते, त्यात हम फिरत बसतो. सगळं एका बोर्डावर आणलं. निम्मा गेला. उरलेल्याचं खापर काकांनी अर्थिंगवर फोडलं. "मे महिना हाय. खड्डा सुकला असन. पाणी टाकत जा रोज."

आता हे नागपूरकराला सांगायला नको, इथे उन्हाळ्यात काळी माती अशी फाटते की तिच्यात चप्पल जाईल, आणि अर्थिंगचा खड्डा सुकला की कूलरच्या पत्र्याला हात लावला तर झिणझिण्या येतात, म्हणून घरोघरी पोरांना पहिला संस्कार हाच असतो की ओल्या हाताने कूलरला शिवायचं नाही. तर मी रोज सकाळी कंपाउंडच्या कोपऱ्यात, जिथे काही उगवलेलं नाही, तिथे दोन बादल्या पाणी, त्यात मूठभर मीठ, असं ओतू लागलो. शेजारच्या काकू गॅलरीतून बघायच्या. त्यांना वाटलं ज्योतिषाने सांगितलंय. चार-पाच दिवसांनी त्या आईला हळूच विचारून गेल्या, काही त्रास आहे का हो घरात. आई म्हणाली आहे, हॉलमध्ये आहे, दोन आहेत.

आणि या आईनेच खरा शोध लावला. ती तरुणपणी गाणं शिकलेली आहे, अजून पेटी बाहेर काढून बसते. एक दिवस दुपारी हॉलमध्ये येऊन उभी राहिली, कान भोंग्याकडे, मग आत जाऊन पेटी घेऊन आली आणि एक पट्टी दाबून धरली. "पांढरी पाच आहे रे. थोडा चढा लागलाय." मी हिशोब केला, शंभर हर्ट्झ, आणि पांढरी पाच खालच्या सप्तकात 98 च्या जवळ. बाई बरोबर. तेव्हापासून ती त्याला हम म्हणत नाही, सूर म्हणते. मी तिला सांगितलं की हा आपल्या घराचा नाही, देशाचा सूर आहे. 2013 च्या 31 डिसेंबरला सोलापूर-रायचूर ही विजेची लाइन जोडली आणि दक्षिणेची ग्रिड, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं, बाकीच्या देशाच्या ग्रिडला मिळाली, तेव्हापासून काश्मीरच्या खांबापासून कन्याकुमारीच्या खांबापर्यंत एकच पन्नास हर्ट्झ चालते, म्हणजे भारतातला प्रत्येक खराब अँप या क्षणी पांढरी पाचच्या थोडा वर गाऊन राहिला आहे. आई म्हणाली, मग तंबोरा कशाला विकत घ्यायचा लोकांनी.

अडचण अशी झाली की मी ख्याल लावला की मला कळेना, तंबोरा कोणता आणि अँप कोणता. गायक काळी एकमध्ये, घर पांढरी पाचमध्ये, आणि मी मध्ये.

असो. हम पुढे बराच कमी झाला, ट्रान्सफॉर्मर थोडा तिरका फिरवून, वायरी एकमेकींपासून लांब नेऊन, असल्या कामांत रविवार गेले, ते सगळं सांगत नाही. आता सोफ्यावर बसलं तर ऐकू येत नाही, भोंग्यात डोकं घातलं तरच येतो, आणि घरी आलेला प्रत्येक पाहुणा भोंग्यात डोकं घालतोच.

पण हम गेल्यावर जी शांतता आली, तिच्यात कूलर ऐकू आला.

कूलर आधीही होताच की. बारा महिन्यांपैकी चार महिने तो आमच्या घराचा कर्ता पुरुष असतो. पण आता समोर एवढे खरं बोलणारे भोंगे, गायिकेचा श्वास ऐकू येतो, तबलजीच्या बोटातली अंगठी ऐकू येईल असं वाटते, आणि त्यावर हा खडखडखड आणि पंपाचं गुळगुळगुळ. मी म्हटलं अर्धा तास कूलर बंद करू. बाहेर 45. हॉलमध्ये मी, आणि मध्ये चालू अँप.

इथे अँपचा स्वभाव सांगणं भाग आहे. हा क्लास ए. सीताबर्डीच्या स्टँडवर ऑटोवाला पॅसेंजर नसला तरी इंजिन चालू ठेवून उभा असतो, तसं याचं आहे, गाणं वाजो न वाजो, हा भिंतीतून सव्वाशे-दीडशे वॅट ओढतच राहणार. त्यातले भोंग्यांपर्यंत जास्तीत जास्त सोळा जाऊ शकतात, आणि मी ऐकतो त्या आवाजात तर काहीच जात नाही, मग बाकीचे जातात कुठे? माझ्या अंगावर. दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यापर्यंत बनियन चिकटली, तिसऱ्याला पोरगा उठून आतल्या खोलीत गेला, चौथ्याला बायकोने लॅपटॉपवरून मान वर न करता विचारलं, "म्हणजे मे महिन्यात, बंद खोलीत, आपण शेगडीसमोर बसून गाणं ऐकतोय, बरोबर?" मी म्हटलं शेगडी नाही, ट्रायोड. तिने उठून कूलर लावला, तीनवर. मग मी व्हॉल्यूमचा कान जरा पिळला. जरा म्हणजे केसभर. या भोंग्यांवर व्हॉल्यूमचं बटण सातच्या काट्यावर मुकं आणि आठच्या काट्यावर मिरवणूक, मधलं काही नसते. कूलरवर मात करायला गेलो आणि मागच्या गल्लीतले भाऊ पुन्हा आले. या वेळी त्यांनी लग्नाचं विचारलं नाही.

त्यामुळे उन्हाळ्यात ऐकायची वेळ एकच, पहाटे, जेव्हा कूलर बंद केला तरी माणूस मरत नाही. त्या वेळी खरंच जे ऐकू येते नं, जाऊ द्या, सांगून कळत नाही, आणि मला सांगता आलं असतं तर घरच्यांना पटवता आलं असतं.

आणखी एक धाक असतो तो मावशींचा. ट्यूब अँपला स्पीकर जोडलेला नसताना चालू ठेवून सिग्नल द्यायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये भलतं व्होल्टेज चढते आणि तो जळू शकतो. ट्रान्झिस्टरवाल्या अँपचं उलटं असते, तिथे वायर निघाली तर निघाली, शॉर्ट होऊ द्यायची नाही. मावशी झाडू मारताना भोंग्यामागे गेल्या की माझा जीव टांगणीला. एकदा त्यांना नीट समजावून सांगितलं, की मावशी, या वायरीला हात लावू नका, आत चारशे व्होल्ट असतात, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात. तेव्हापासून मावशी हॉलच झाडत नाहीत. तो मी झाडतो. बायकोच्या मते या सगळ्या गुंतवणुकीवर मिळालेला हा पहिला परतावा.

पाऊस पडला, अर्थिंगचा खड्डा आपोआप ओला झाला, शेजारच्या काकूंना वाटलं उपाय लागू पडला. मग दिवाळी झाली आणि थंडी आली. नागपूरची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही, पण डिसेंबरात पारा दहाच्या खाली जातो आणि आमच्या घराला उन्हाळ्यासाठी बांधलेल्या उंच खिडक्या आहेत. एक दिवस ऑफिसातून आलो तर हॉलमध्ये सगळे जमलेले. आई अँपच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढून, पोरगा उजवीकडे अभ्यासाचं पुस्तक घेऊन, बायको समोर शाल गुंडाळून, आणि मधोमध दोन 300बी लाल होऊन पेटलेल्या. कोणी म्हणजे कोणी तक्रार करून नव्हतं राहिलं. मला गहिवरूनच आलं. म्हटलं आले शेवटी मार्गावर, आणि रेकॉर्ड काढायला कपाटाकडे वळलो.

तेवढ्यात बायको म्हणाली, "गाणं नको रे लावू. नुसता सुरू राहू दे."