‘लेडी एल्गिन’ कुठल्याही त्रिकोणाने गिळलेली नाही

काल रात्री अकराला वहिनीचा फोन आला. आवाज रडवेला. पुतण्या शिकागोत शिकतो आणि तिच्या भिशीच्या ग्रुपवर मेसेज आलाय: मिशिगन सरोवरात शापित त्रिकोण आहे, १८६० साली ‘लेडी एल्गिन’ ही आगबोट त्याने तीनशे माणसांसकट गिळली, कारण आजवर कळलेलं नाही, १८९१ साली ‘थॉमस ह्यूम’ हे गलबत हवेत विरलं, तळ्यात वादळ होत नाही, मग जहाजं बुडतात कशी, आणि तळाशी ती अजून जशीच्या तशी आहेत.

कारण कळलेलं नाही? कारण त्याच दिवशी कळलं होतं! ८ सप्टेंबरची पहाट. सरोवराकाठच्याच मिलवॉकी शहराची माणसं, बहुतेक आयरिश, शिकागोची सहल आटोपून परतत होती. बोटीवर बँड वाजत होता, नाच चालला होता. अडीचच्या सुमारास वादळी पावसात लाकूड लादलेलं ‘ऑगस्टा’ हे शिडाचं गलबत बोटीच्या डाव्या कुशीत घुसलं. त्याच्या बाजूंना दिवे नव्हते, कारण शिडाच्या जहाजांना तेव्हा तशी सक्तीच नव्हती. ऑगस्टा तसंच शिकागोला निघून गेलं. इकडे लोक गुरं पाण्यात ढकलत होते, बोट हलकी होऊन भोक वर यावं म्हणून. अर्ध्या तासात बोट फुटली.

कित्येकजण फळकुटांना धरून तासन्‌तास तरंगत शिकागोजवळच्या विनेटका गावाच्या किनाऱ्यापर्यंत पोचले आणि तिथल्या फुटत्या लाटांत, माणसं समोर उभी असताना बुडाले. एडवर्ड स्पेन्सर नावाच्या विद्यार्थ्याने पुन्हा पुन्हा पाण्यात शिरून सतरा जणांना बाहेर काढलं. १८६४ साली शिडाच्या जहाजांनाही दिवे सक्तीचे झाले. शाप म्हटलं की ही चूक पुसली जाते, आणि ती माणसंही.

मेसेजमध्ये त्रिकोणाची टोकं म्हणून सरोवराकाठची तीन गावं दिली आहेत: मॅनिटोवॉक, लडिंग्टन, बेंटन हार्बर. मी नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं. लेडी एल्गिनचे अवशेष १९८९ मध्ये सापडले ते शिकागोच्या उत्तरेच्या हायलंड पार्क गावासमोर, पश्चिम किनाऱ्याकडे. म्हणजे त्रिकोणाच्या चक्क बाहेर!

थॉमस ह्यूमचं मान्य. सात माणसं गेली आणि शंभराहून जास्त वर्षं पत्ता लागला नाही. पण ते गलबत या शतकात सरोवराच्या तळाशीच सापडलं.

आणि ‘तळं’ काय म्हणता? मिशिगन जवळजवळ पाचशे किलोमीटर लांब आहे. शेजारची चार सरोवरं धरली तर क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या तीन चतुर्थांशाहून जास्त भरतं. तिथे वादळ होणार नाही तर कुठे होणार?

बरीच जहाजं पुष्कळशी शाबूत राहतात, हे तेवढं खरं. पाणी गार आणि गोडं, आणि समुद्रात लाकूड पोखरणारा जीव तिथे नसतो.

वहिनीला हे सगळं सांगितलं, मग पुतण्याला फोन लावला. म्हटलं, त्रिकोण सोड, पण किनाऱ्यावर लाल बावटा दिसला की पाण्यात पाय घालू नकोस.