पाव्हणं, इंग्रजी शिकवायला चाललाव?

डीएड झालं, बीएड झालं, टीईटी झाली, पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम भरता भरता लग्नाचं वय सरलं. आता तुम्ही थायलंडमधल्या खेड्यात इंग्रजीचे मास्तर व्हायला निघालात. अभिनंदन! मी हाच उद्योग दोन वर्षं कालासिन प्रांतात करून लातूर जिल्ह्यातल्या औशाला परत येऊन बसलोय, त्यामुळे सल्ला द्यायला माझ्याइतका रिकामा आणि लायक माणूस तुम्हाला पंचक्रोशीत मिळायचा नाही.

निघण्याआधी चौकात फ्लेक्स लावा. त्यावर थायलंडचं काही असायलाच पाहिजे असं नाही. माझ्या मागे आयफेल टॉवर होता, कारण फ्लेक्सवाल्याकडे ‘परदेश’ म्हणून तेवढी एकच फाइल होती. पगार कोणी विचारला तर बाथला, म्हणजे तिथल्या चलनाला, रुपयांत गुणून सांगा. खोलीभाडं, व्हिसा आणि दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला द्यायची वर्दी यांचा हिशेब त्यातून वजा करू नका. आनंदाच्या प्रसंगी वजाबाकी बरी दिसत नाही.

बँकॉकहून रात्रीच्या बसने ईशान्येकडे निघा. त्या मुलखाचं नावच ईसान, म्हणजे आपलाच ‘ईशान’. पहाटे जाग येईल तेव्हा घाबरू नका. बाहेर उसाने वाकलेले ट्रक, कोरडा ओढा, घराच्या सावलीला बसलेले म्हातारे, आणि तरणी पोरं कुठायत म्हणाल तर कामाला बँकॉकला. दोन विमानं बदलून आपण मुरूडच्या फाट्यावरच उतरलो की काय, असं वाटेल. वाटू द्या, पण ही गोष्ट घरी फोनवर सांगू नका, फ्लेक्सचे पैसे अजून द्यायचे असतात.

शाळेत गेल्यावर कळेल की त्यांना पाहिजे होता ‘फरांग’, म्हणजे आपला फिरंगी. पेरूलाही तिथे फरांगच म्हणतात, तेव्हा गोंधळ नको. शाळेच्या फलकावर सोनेरी केसांचा एक हसरा माणूस होता. तो कोण, हे मुख्याध्यापकांनाही ठाऊक नव्हतं. तुम्ही ‘खॅक’. हा शब्द आपल्यासारख्यांसाठी वापरतात आणि त्याचा मूळ अर्थ पाहुणा. चांगलं म्हणतात की वाईट, याचा शोध घेऊ नका. आपल्याकडेही ‘या पाव्हणं’ म्हणताना सूर कुठला आहे त्यावर सगळं असतं.

भाषेची काळजी सोडा. मास्तर म्हणजे ‘ख्रू’, गुरूचाच धाकटा भाऊ. प्राथमिकचे वर्ग ‘प्रथोम’, माध्यमिकचे ‘मत्थयोम’. सकाळी आठला झेंडा वर जातो, राष्ट्रगीत होतं, मग सगळी शाळा हात जोडून ‘अरहं सम्मा सम्फुत्थो’ म्हणते. मिलिंद महाविद्यालयाच्या आवारात बुद्धवंदना ऐकत वाढलेल्या माणसाला तिथे चटकन बरोबर सूर लागतो, फक्त ‘बुद्ध’चा ‘फुत्थ’ कसा झाला म्हणून मधेच हसू नका. परदेशात एवढंच काय ते आपलं. बाकी थाई बोलण्यात सूर पाच असतात आणि चुकीच्या सुरात शब्द गेला की समोरची बाई तुमच्याकडे फार दयाळूपणे बघते.

आता शिकवणं. तिथली पोरं ‘स्कूल’ला ‘सकून’ म्हणतात, कारण शब्दाच्या शेवटी ‘ल’ आला की त्यांच्या जिभेवर ‘न’ उतरतो. तुम्ही त्यांना सुधारा. खणखणीत आवाजात सांगा, ‘नो सकून! इस्कूल!’ आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. मला एबीसीडी भेटली पाचवीत, आणि वर्गाबाहेर जातानासुद्धा आम्ही ‘मे आय कमिन सर’ म्हणायचो. एवढ्या पायावर परदेशातल्या इंग्रजीचा उद्धार करायचा तर आवाज मोठाच लागतो.

पोराने चांगलं उत्तर दिलं की डोक्यावरून मायेने हात फिरवायचा मोह आवरा. डोकं तिथे पवित्र असतं. आणि बाकावर पाय टाकून बसू नका. थोडक्यात, डोकं त्यांचं आणि पाय तुमचे, दोन्ही जपा.

जून महिन्यात, बहुधा गुरुवारी, ‘वाय ख्रू’ होतं. पोरं गुडघ्यावर सरकत येऊन मास्तरांपुढे फुलं ठेवतात. त्यात नीट बघा, आपली हरळी असते! जी उपटता उपटता आपल्या बापाची कंबर गेली तीच. विद्या हरळीसारखी पसरावी म्हणून देतात. मी मात्र सवयीने ती मुळासकट आहे का ते पाहिलं.

जेवणात मांस नको असेल तर ‘मांगसाविरत’ म्हणा. शब्द सरळ ‘मांसविरती’चा, फक्त तिथे मासळीच्या पाण्याला बऱ्याचदा मांस धरत नाहीत. ठेच्याची आठवण आली तर सोमतम खा. कच्ची पपई, मिरची, शेंगदाणे, सगळं उखळात कुटलेलं.

पावसाची वाट बघण्यात मात्र त्यांनी आपल्याला मागे टाकलंय. मे महिन्यात बांबूचे, पाइपांचे भलेथोरले अग्निबाण आभाळात सोडतात, म्हणजे देवाला आठवण राहते. ज्याचा बाण उडत नाही त्याला चिखलात लोळवतात. आपल्याकडे २०१५ ला आणि २०१९ ला ढगांत रसायनं फवारायला विमानं उडाली. त्यानंतर चिखलात कोणालाच लोळवलं नाही. चिखल असता तर लोळवलं असतं म्हणा.

एक सल्ला मात्र खरंच मनावर घ्या. एप्रिलमध्ये घराबाहेर पडू नका. १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, त्यांचं नवीन वर्ष. पिकअपमध्ये पाण्याने भरलेले ड्रम, पोरांच्या हातात बादल्या, दिसेल त्याच्या अंगावर पाणी. माझं लातूर २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी पीत होतं. आमच्या घरी भाजी धुतलेल्या पाण्याने भांडी, भांड्यांच्या पाण्याने अंगण. असा माणूस तिठ्यावर उभा, आणि सहावीतल्या एका कार्ट्याने अख्खी बादली डोक्यावर ओतली. मी इंग्रजीचा मास्तर, मी थाई भाषेचा विद्यार्थी, पण तोंडातून काय निघालं?

‘कामून सांडायलास बे पाणी!’

पोरांना वाटलं, हा आमच्या देशातला सणाचा मंत्र. त्यांनी तो पाठ केला. पुढचे तीन दिवस गावभर बादली उपसायची, ‘कामूऽऽन’ ओरडायचं आणि ओतायचं. शेजारच्या आजीने चांदीच्या वाटीतून फुलांचं सुगंधी पाणी माझ्या तळहातावर अलगद सोडलं आणि तीसुद्धा हळूच म्हणाली, ‘कामून.’

परत आल्यावर पारावर विचारतील, ‘काय गुरजी, तिथली लेकरं इंग्रजी बोलायलीत का?’ तेव्हा छाती काढून ‘फाडफाड’ म्हणायचं. माझ्या निरोपाला अख्खा वर्ग स्टँडवर आला होता. ‘गुडबाय’ कोणालाच आठवलं नाही. बस हलली तशी मागच्या काचेवर बादलीभर पाणी आलं आणि सगळ्यांनी मिळून तो एकच शब्द ओरडला.