'पालकांनो सावधान' या मेसेजला मुद्द्यांनिशी उत्तर

समोरच्या काकूंनी गेल्या आठवड्यात मुलीचा अर्ज भरायचा थांबवला. मुलगी बारावी झाली आहे. पदवीची शेवटची दोन-तीन सत्रं कंपनीत काम करत शिकायची आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंटकडे, म्हणजे मोठं काम वेळेत आणि ठरल्या पैशात पार पाडायच्या विद्येकडे वळायचं, हे तिनं स्वतः विचार करून ठरवलेलं. अर्ज का थांबवला म्हणून विचारलं, तर काकूंनी मोबाइल पुढे केला. नागपूरच्या मानेवाड्यातल्या आमच्या गल्लीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, महिनाभर तोच मेसेज फिरून राहिला आहे. त्याचं सार असं:

"पालकांनो सावधान! काम करत डिग्री हा नवा सापळा आहे. ही डिग्री कुठेही चालत नाही. कंपन्यांना नऊ हजारांत मजूर पाहिजेत म्हणून हे काढलं आहे. प्रोजेक्ट मॅनेजमेंट ही तर शिकायची गोष्टच नाही, ती अनुभवानं येते. अठरा वर्षांच्या पोराला कोण मॅनेजर करणार? काम आणि अभ्यास दोन्ही होत नाही. शेवटी नोकरीची हमी नाही. इंग्लंडमध्ये हीच डिग्री फुकट मिळते, पाठवायचं तर तिकडे पाठवा."

मी चौदा वर्षं बांधकामाच्या साइटवर प्लॅनिंगचं काम करते आहे. या मेसेजमध्ये थोडं खरं आहे, बरंच अर्धवट आहे आणि एक गोष्ट साफ चूक आहे. ती चूक मुलांच्या वाटेत उभी राहते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"ही डिग्री कुठेही चालत नाही." पदवी कंपनी देत नाही, विद्यापीठ देतं, आणि ती नेहमीचीच पदवी असते. अभ्यासक्रमातच अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत काम करत घ्यायचं प्रशिक्षण, बसवलेल्या पदव्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगानं 2020 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात सुमारे 150 शिक्षणसंस्थांमध्ये असे अभ्यासक्रम सुरू करायची घोषणा होती. 2025 मध्ये आयोगानं सुधारित सूचना दिल्या: तीन वर्षांच्या पदवीत किमान एक आणि जास्तीत जास्त तीन सत्रं कामावर, चार वर्षांच्या पदवीत दोन ते चार. कामावरच्या काळाचे क्रेडिट गुणपत्रिकेत धरले जातात.

गोंधळ कुठून होतो, हे मला समजतं. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये आली, त्याच वर्षी केंद्राची पीएम इंटर्नशिप योजना आली. दोन्हींत दरमहा पैसे मिळतात, पण पदवी मिळत नाही. लोकांनी तिन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरल्या. तुमच्या मुलासमोर यातली कोणती आहे, हे कॉलेजात जाऊन विचारा. पदवीचं नेमकं नाव काय आणि ती कोणतं विद्यापीठ देणार, या दोन प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं नाही तर मात्र उठून या.

"नऊ हजारांत मजूर." हा मुद्दा मी हलक्यात घेणार नाही, कारण यामागची भीती खोटी नाही. कायदा सांगतो ते आधी पाहू. 1961 च्या अप्रेंटिसेस अ‍ॅक्टच्या कलम 18 प्रमाणे अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. म्हणून त्याला पगार नाही, विद्यावेतन मिळतं. 2019 च्या नियमांनी पदवीवाल्यांसाठी त्याची किमान रक्कम दरमहा 9,000 रुपये ठरवली. मेसेजमधला नऊ हजारांचा आकडा इथूनच आला आहे. पण हा खालचा आकडा आहे, कंपनीला त्याच्या वर द्यायला कुणी अडवत नाही. केंद्राच्या नॅट्स या अप्रेंटिस प्रशिक्षणाच्या योजनेत किमान विद्यावेतनाचा अर्धा भार सरकार उचलतं.

मेसेज लिहिणाऱ्यानं जे सांगितलं नाही, ते असं. कंपनीनं अख्खी साइट अप्रेंटिसांवर चालवायची म्हटलं तर तसं करता येत नाही. एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के, एवढीच त्यांची संख्या. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं कंपनीला बंधनकारकच आहे. करार लेखी असतो आणि त्याची नोंदणी होते. कामावर इजा झाली तर भरपाई मालकानं द्यायची.

आणि तरीही राबवून घेणारे असतात. मी एका ठिकाणी अप्रेंटिस मुलाला सहा महिने झेरॉक्स काढताना आणि साहेबांचे डबे आणताना पाहिलं आहे. रोज काय शिकलो ते लिहायची त्याची वही कोरी होती. त्या मुलाचं वर्ष गेलं, याचा राग मला अजून आहे. पण दोष त्या कंपनीचा होता, आणि वही न तपासणाऱ्या कॉलेजचाही. म्हणून अर्ज करताना प्रशिक्षणाचा आराखडा मागा: कोणत्या महिन्यात काय शिकवणार, कोणाच्या हाताखाली, आणि कॉलेजचे सर साइटवर किती वेळा येणार. हे कागदावर असेल तर नऊ हजारांत मुलगी शिकते. कागदावर नसेल तर काकूंची भीती बरोबर आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येते. "प्रोजेक्ट मॅनेजमेंट ही शिकायची गोष्ट नाही, ती अनुभवानं येते."

या वाक्याचा पहिला अर्धा भाग चूक आहे, आणि दुसरा अर्धा भाग मेसेजच्याच विरोधात जातो. अनुभवानं येते ना? मग कामावर राहून शिकवणाऱ्या पदवीला विरोध का?

पहिल्या अर्ध्याबद्दल सांगते. क्रिटिकल पाथची, म्हणजे कोणती कामं लांबली तर अख्खा प्रकल्प लांबतो हे शोधायची रीत 1957 च्या सुमारास ड्यू पॉन्टचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी बसवली. पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही तशीच नियोजनाची रीत आली. रीत ऐकायला सोपी आहे. बेसा भागात कुणाचं घर बांधायला काढलं असं समजा. खिडक्यांच्या ग्रिल दहा दिवस उशिरा आल्या तरी घर उशिरा होईलच असं नाही, कारण मधे प्लास्टर, वायरिंग सुरू असतं. या मोकळ्या दिवसांना फ्लोट म्हणतात. पण स्लॅबखालच्या बल्ल्यांना फ्लोट नसतो. गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरपर्यंत असेल तर 7 दिवस, त्याहून मोठा असेल तर 14 दिवस त्या काढायच्या नाहीत, असं काँक्रीटचं भारतीय मानक 456 सांगतं. तिथे वीस माणसं जास्त लावून एक दिवसही वाचत नाही. पंचवीस वर्षं साइटवर काढलेल्या मुकादमांना हे हाताला माहीत असतं. पण मालक विचारतो, "माणसं वाढवली, मग तारीख का नाही बदलली?" तेव्हा ते कागदावर मांडून दाखवायला शिक्षण लागतं. पैशाचं, कराराचं, धोक्यांचं गणितही तसंच शिकावं लागतं.

आता उलटी बाजू, माझी स्वतःची. मी इंजिनिअरिंग करून पहिल्या नोकरीला लागले तेव्हा कामाच्या वेळापत्रकाचे बार चार्ट सुरेख काढत होते. एका इमारतीचं काम होतं. मालकाकडून ड्रॉइंग चाळीस दिवस उशिरा आलं. आम्ही थांबलो, वाट पाहिली, मग धावपळ करून काम पूर्ण केलं. शेवटी मुदतवाढ मागितली तर विचारणा झाली, हिंडरन्स रजिस्टर कुठे आहे? काम कोणत्या दिवशी, कशामुळे अडलं, हे त्यात रोजच्या रोज लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या असतात. ते लिहायचं काम माझ्याकडे होतं आणि मी लिहिलं नव्हतं. मुदतवाढ नाकारली गेली, बिलातून दंड कापला गेला. चार वर्षांच्या पदवीत या रजिस्टरचं नावही माझ्या कानावर पडलं नव्हतं. पदवीची दोन सत्रं कुणा जाणत्या प्लॅनिंग इंजिनिअरच्या शेजारी बसून काढली असती, तर पहिल्याच आठवड्यात शिकले असते.

आणि नागपूर भागाचं वेळापत्रक तर पुस्तकात सापडतच नाही. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की दुपारी काँक्रीट घालता येत नाही, पहाटेची पाळी लावावी लागते. जुलैत भंडारा, गोंदिया, बालाघाटकडचे मजूर रोवणीला गावी जातात आणि साइट अर्धी रिकामी होते. काळ्या मातीतली खोदाई पावसाआधी आटोपली नाही, तर महिना हातचा गेलाच म्हणून समजा. गड्डीगोदामला मेट्रोसाठी चालू रेल्वेरुळांवरून लोखंडी गर्डर टाकायचे होते. तिथे रेल्वे जेवढ्या तासांचा ब्लॉक देईल तेवढ्यातच काम, मागची सगळी तयारी त्या तासांभोवती बांधायची. हे शेजारी उभं राहून बघायचं शिक्षण आहे.

आपल्या विदर्भानं तर हे शिक्षण नसण्याची किंमत मोजली आहे. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन 1988 मध्ये झालं. मूळ अंदाज सुमारे 372 कोटींचा होता, 2016 पर्यंत सुधारित खर्च 18,494 कोटींवर गेला. भूसंपादन, पुनर्वसन, वनजमिनीच्या परवानग्या, सगळं एकमेकांत अडकत गेलं आणि शेतकरी पाण्याची वाट पाहत राहिला. एकट्या नियोजनाचा हा दोष नव्हे. पण कोणती परवानगी आधी, कोणतं काम त्यानंतर, कोणाचं घर हलल्याशिवाय काय सुरू करायचं नाही, हे वर्षानुवर्षं धरून ठेवणारी माणसं आपल्याला हवीत. ही विद्या शिकण्यासारखीच नाही असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही.

"अठरा वर्षांच्या पोराला कोण मॅनेजर करणार?" कुणीच नाही, आणि तसं वचनही कुणी देत नाही. सुरुवात प्लॅनिंग असिस्टंट किंवा प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर म्हणून होते. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या, जगभर मानल्या जाणाऱ्या पीएमपी परीक्षेला बसायलाही चार वर्षांची पदवी असली तरी 36 महिने प्रकल्प सांभाळल्याचा अनुभव लागतो.

"काम आणि अभ्यास दोन्ही होत नाही." अवघड आहे, हे मान्य. मुलगी मानेवाड्याहून रोज बुटीबोरीला जाणार असेल तर प्रवासातच तिचा जीव अर्धा होतो. इंग्लंडमध्ये यावर उपाय नियमातच आहे: अप्रेंटिसला ठरावीक तास कामाच्याच वेळेत शिकायला मोकळे मिळतात. आपल्याकडे बहुतेकदा सत्रंच वाटून दिलेली असतात, कॉलेजचं सत्र वेगळं आणि कामाचं वेगळं. तुमच्या कॉलेजात कसं आहे, ते विचारून घ्या. कामाच्या सत्रात परीक्षाही ठेवल्या असतील तर सुट्टी कोण देणार, हेही. एक गोष्ट मात्र माझ्या हाताखालच्या मुलांकडे पाहून सांगते. जो प्रकल्प अहवाल इतर मुलं विकत आणून जमा करतात, तो यांना आपल्या साइटचा लिहायचा असतो. म्हणून ते रात्री जागून लिहितात, आणि सकाळी येऊन मला प्रश्न विचारतात.

"नोकरीची हमी नाही." खरं आहे. कलम 22 प्रमाणे, करारात तशी अट नसेल तर मालकावर नोकरी द्यायचं बंधन नाही. पण 2014 च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे शिकलेल्या अप्रेंटिसांच्या भरतीचं धोरण प्रत्येक मालकानं ठरवायचं असतं. ते बघायला मागा, आणि मागच्या तुकडीतली किती मुलं ठेवली तेही विचारा. साध्या पदवीला तरी हमी कोण देतं? इथे निदान हातात वर्षभराचं काम आणि दोन-चार जाणत्या माणसांची ओळख असते.

राहिलं इंग्लंड. यावर जास्त लिहीत नाही, पण इथेच मेसेज सगळ्यात घातक आहे. तिकडे डिग्री अप्रेंटिसशिप 2015 मध्ये सुरू झाल्या, प्रोजेक्ट मॅनेजरची पूर्ण पदवीही त्यात आहे. फी विद्यार्थ्याला पडत नाही, पगार मिळतो. 2017 पासून वर्षाला तीस लाख पौंडांहून जास्त पगारबिल असलेल्या मालकांकडून त्यासाठी अर्धा टक्का कर घेतला जातो. इथपर्यंत ठीक. पण हा पैसा तिथे राहणाऱ्यांसाठी आहे. साधारणपणे आधीचा तीन वर्षांचा रहिवास आणि काम करायचा हक्क लागतो. इथून स्टुडंट व्हिसावर गेलेल्या मुलीला ती वाट खुली नाही. "फुकट डिग्रीसाठी" म्हणून कुणी एजंट आगाऊ रक्कम मागत असेल, तर एक रुपया देऊ नका.

काकू, तुमच्या अर्जाची मुदत अजून संपलेली नाही. कॉलेजनं दिलेलं माहितीपत्रक आणि कराराचा नमुना घेऊन रविवारी सकाळी या, पोरीलाही आणा. मी घरीच आहे, एकेक ओळ सोबत वाचू.