दोन केबल लावल्या म्हणून वेग दुप्पट होत नाही

‘नेटवर्कवाल्याला पैसे देण्याआधी हे वाचा’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. अनेक संगणक केबलने एकमेकांना जोडणारी पेटी म्हणजे स्विच, आणि तिच्यातली केबल खुपसायची जागा म्हणजे पोर्ट. पोर्ट कमी पडत असतील तर एकाला एक स्विच कसे जोडावेत, याचे पाच ‘नियम’ त्यात दिले आहेत, ते असे. प्रत्येक नव्या स्विचमागे वेग निम्मा होतो. तीनपेक्षा जास्त स्विच कधीही जोडू नयेत. दोन स्विचच्या मध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे आतल्या तारांची अदलाबदल केलेली केबलच लागते. दोन केबल टाकल्या की वेग दुप्पट होतो, आणि शेवटचा स्विच पुन्हा पहिल्याला जोडला की एक केबल तुटली तरी काम अडत नाही. आठ पोर्टचे तीन स्विच म्हणजे चोवीस पोर्ट. असे संदेश मी एरवी न वाचताच पुसून टाकते. पण हा माझ्या मामेभावापर्यंत पोचला. तालुक्याच्या गावी त्याचा कॉम्प्युटर क्लास आहे, आणि त्याने रविवारी बसून चौथा नियम तंतोतंत पाळला.

सोमवारी सकाळी त्याचा फोन आला, “ताई, नवा स्विच खराब निघाला वाटतं. सगळी लॅब बंद आहे.” मी गेले तेव्हा तिन्ही स्विचचे झाडून सगळे दिवे एकाच लयीत, वेड लागल्यासारखे लुकलुकत होते. निरोगी स्विचवर तसे दिसत नाही. तिथे ज्या संगणकाचे काम चालू असते त्याचाच दिवा हलतो. पहिल्या आणि दुसऱ्या स्विचमध्ये दोन केबल होत्या, दुसऱ्यातून तिसऱ्यात एक, आणि तिसऱ्यातून परत पहिल्यात एक. म्हणजे फिरून त्याच जागी येणारी वाट, लूप, एक नव्हे, दोन.

चौथा नियम नुसता चुकीचा नाही, तो घातक आहे, म्हणून त्याचे आधी पाहू. कोणत्याही संगणकाला राउटर शोधायचा असेल तर तो सर्वांना उद्देशून एक फ्रेम, म्हणजे माहितीचा एक तुकडा, पाठवतो, आणि स्विच ती ज्या पोर्टातून आली ते सोडून बाकी सर्व पोर्टांतून पुढे ढकलतो. दोन स्विचमध्ये दोन केबल असतील तर ती फ्रेम दोन्हींतून पलीकडे जाते, एकीतून आलेली दुसरीतून परत येते, आणि हे कधीच थांबत नाही. या फ्रेमच्या आत इंटरनेटचे जे आयपी पाकीट असते त्यात दर राउटरला एकाने घटणारा आकडा असतो आणि तो शून्य झाला की पाकीट टाकून दिले जाते. इथरनेटच्या फ्रेममध्ये अशी आयुर्मर्यादाच नाही. एक गिगाबिटच्या केबलमधून सर्वांत लहान फ्रेम सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार जाऊ शकतात. त्या सगळ्या जागा या फिरत्या प्रतींनी भरल्यावर विद्यार्थ्याच्या कामाची फ्रेम कुठून जाणार? शिवाय एकच संगणक कधी या पोर्टावर, कधी त्या पोर्टावर दिसू लागल्याने स्विचची पत्त्यांची यादीही बिघडते.

यावर उपाय नाही असे नाही. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीत असताना स्पॅनिंग ट्री ही पद्धत तयार केली. तिच्यात जादा दुवा ओळखून तो अडवून ठेवला जातो आणि मुख्य दुवा तुटला तरच मोकळा केला जातो. दोन केबलचा खरोखर एकत्र उपयोग करण्यासाठी लिंक ॲग्रिगेशन आहे, पण ते दोन्ही टोकांच्या स्विचवर बसवावे लागते, आणि तरीही एका फाइलची एक नक्कल एकाच केबलमधून जाते, त्यामुळे तिचा वेग दुप्पट होत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या अनमॅनेज्ड, म्हणजे कोणतीही सेटिंग करता न येणाऱ्या स्विचमध्ये यांपैकी बहुधा काहीच नसते, आणि संदेश नेमका तोच स्विच घेणाऱ्यांसाठी लिहिलेला आहे.

तीन स्विचच्या मर्यादेत मात्र अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. मूळ नियम हबच्या, म्हणजे आलेले सगळे सगळीकडे पाठवणाऱ्या जुन्या पेटीच्या काळातला, १० मेगाबिटच्या जाळ्यांसाठीचा होता; तेव्हा सगळ्यांची टक्कर एकाच तारेवर होत असे. स्विचला तो लागू नाही. पण साखळी कितीही लांबवावी असेही नाही. स्पॅनिंग ट्रीच्या प्रमाणित वेळमर्यादा सलग सात स्विच गृहीत धरून ठरवलेल्या आहेत. बॉस्टनच्या बेथ इस्राएल डीकनेस मेडिकल सेंटरचे जाळे वाढत वाढत त्या मर्यादेपलीकडे गेले होते. नोव्हेंबर २००२ मध्ये ते कोसळले आणि एवढे मोठे रुग्णालय काही दिवस कागदावर चालवावे लागले. तेथील माहिती-तंत्रज्ञान प्रमुख जॉन हलाम्का यांनी ही हकिगत न लपवता जगापुढे मांडली. ज्यांच्याकडे स्पॅनिंग ट्री होती आणि जाणकार माणसेही होती, त्यांची ही गत झाली, हे लूपला ‘सोय’ म्हणणाऱ्या संदेशकर्त्याने एकदा वाचावे.

वेग निम्मा होतो ही समजूत बहुधा वाय-फायचा सिग्नल पुढे पोचवणाऱ्या रिपीटरवरून आली असावी. तिथे एकच रेडिओ ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, म्हणून खरेच निम्मा वेळ जातो. गिगाबिट स्विच पूर्ण आकाराची फ्रेम घेऊन पुढे पाठवायला साधारण १२ मायक्रोसेकंद जास्त घेतो. एका सेकंदात असे ऐंशी हजारांहून अधिक तुकडे बसतात. अडचण येते ती दुव्यावर: पलीकडच्या सर्व संगणकांनी एकदम सर्व्हरवरून मोठ्या फाइली ओढल्या, तर त्यांना एकाच केबलमधला वेग वाटून घ्यावा लागतो. आणि मध्ये कुणी जुना १०० मेगाबिटचा स्विच ठेवला, तर त्याच्या पलीकडचे सगळे तेवढ्यावरच अडते. याला निम्मा होणे म्हणत नाहीत.

क्रॉसओव्हर केबलबद्दल एवढेच, की आजचे स्विच तारांची अदलाबदल स्वतःच करून घेतात. साधी, सरळ नेटवर्क केबल (पॅच कॉर्ड) चालते.

राहिला चोवीस पोर्टांचा हिशेब. प्रत्येक जोडकेबल दोन पोर्ट खाते. भावाच्या चार केबलींनी आठ खाल्ले, एक राउटरने घेतले, उरले पंधरा, आणि त्याचे संगणक अठरा; तीन संगणक बंद का, हा दोषसुद्धा तो नव्या स्विचलाच देत होता. मी पहिल्या दोन स्विचमधली एक केबल काढली. दिवे तसेच, कारण दुसरा लूप शिल्लक होता. मग दुसऱ्या आणि तिसऱ्यामधली काढली, आणि काही क्षणांत सगळे शांत झाले. आता दोन्ही जादा स्विच थेट पहिल्याला जोडलेले आहेत, राउटरही तिथेच आहे. अठराही संगणक चालू झाले आणि एक पोर्ट उरले. त्यावर मी भावाला प्रिंटर लावायला सांगितले आहे, म्हणजे पुढचा संदेश येईल तेव्हा जादा केबल खुपसायला जागाच राहणार नाही.