डोस सांगू नका, एवढ्याने भागत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

टाइप टू मधुमेह झालेल्यांनी एकमेकांना आधार कसा द्यावा, या आमच्या लेखावर एका वाचकांनी सडेतोड लिहिलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पेशंटांचे गट म्हणजे अर्धवट ज्ञानाची देवाणघेवाण. तिथे कारल्याचा रस, मेथीचे दाणे आणि कुणाच्या तरी मेव्हण्याची बंद झालेली गोळी, याशिवाय काही मिळत नाही. साखर डॉक्टरांनी बघावी, पेशंटने ऐकावं. ‘गटात डोसविषयी बोलू नये’ हा आमचा नियम त्यांना तोंडदेखला वाटतो. शिवाय, अशा गटांचा उपयोग होतो याला पुरावा काय, असंही त्यांनी विचारलं आहे.

नियम अपुरा आहे, हे मान्य. पण तुमची भीती चुकीच्या जागी आहे. कारल्याचा रस ओळखू येतो. धोका असतो तो अगदी समंजस वाटणाऱ्या सल्ल्यात. ‘मी रात्रीचा भात बंद केला, सकाळची साखर १६० वरून १२० वर आली, तुम्हीही करून बघा.’ यात डोसचा शब्दही नाही. ऐकणारा फक्त मेटफॉर्मिनवर असेल तर बहुधा काही बिघडणार नाही. तो ग्लिमेपिराइडवर असेल तर गोष्ट वेगळी. ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात भात असो वा नसो. जेवण घटलं आणि गोळी तेवढीच राहिली, तर पहाटे साखर ७० च्या खाली जाऊ शकते. संध्याकाळी मिक्स इन्सुलिन (लवकर आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं मिश्रण) घेणाऱ्याचंही तेच. आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने कुणाचं ऐकून पोळी-भात जवळजवळ सोडला किंवा सलग उपास धरले, तर रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, साठू शकतात. ग्लुकोमीटर १८०-२०० दाखवतो आणि इकडे उलट्या, पोटदुखी, धाप सुरू होते. गट म्हणतो, ‘साखर तर ठीक आहे, पित्त असेल.’ या घोळात माणूस अतिदक्षता विभागात जाऊ शकतो.

म्हणजे खाण्याचा सल्ला हाच औषधाचा सल्ला असतो. म्हणून नियम असा हवा: समोरच्याच्या गोळ्या माहीत नसताना त्याच्या ताटाविषयी बोलायचं नाही. आणि ताटातला मोठा बदल, किंवा एखादं जेवण वगळणं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

त्यासाठी प्रत्येकाकडे एक चिठ्ठी असावी. गोळीचं कंपनीचं नाव नको, पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात छापलेली घटकद्रव्यं हवीत. आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधं सर्रास असतात आणि घेणाऱ्याला ती एकच वाटते. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज हे त्रिकूट तर फार चालतं. साखर उतरली की (घाम, थरथर, धडधड, मीटरवर ७० च्या खाली) १५ ग्रॅम साखर घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, हे बहुतेकांना पाठ असतं. पण व्होग्लिबोज आतड्यात आपल्या नेहमीच्या साखरेचं विघटनच लांबवतं. चहाची साखर, गूळ, पेढा, सगळं उशिरा चढतं. अशा माणसाच्या खिशात ग्लुकोज पावडरच हवी, तिला विघटन लागत नाही. हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी सांगायला हवं, बरोबर. पण ओपीडीच्या गर्दीत ते राहून जातं आणि त्याच गोळीवरचा दुसरा माणूस ते सांगतो.

इन्सुलिनवाल्यांनी चिठ्ठीवर त्याची तीव्रताही लिहावी. आपल्याकडच्या पुष्कळ बाटल्या ४० युनिट प्रति मिलिलीटरच्या आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज केशरी टोपणाची. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चं इन्सुलिन २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात ५० युनिट जातात. उलट अदलाबदलीत २० ऐवजी ८. त्यामुळे ‘माझ्याकडे जास्तीची सिरिंज आहे, घ्या’ ही मदत नको.

‘पेशंटने ऐकावं’ हे मात्र पटत नाही. काय ऐकावं? डॉक्टर सांगतात, ‘घरी साखर तपासत जा.’ कशी तपासायची, हे बहुधा कुणी बसून शिकवत नाही. हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा कापलेल्या हाताने थेंब काढला तर मीटर आंब्याची साखर मोजतो. सुई बोटाच्या टोकावर नको, कडेला टोचा, दुखतं कमी. बोट पिळू नका. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, पावसाळ्यात कोकणात तर फारच, कारण दमटपणाने पट्ट्या बिघडतात. आणि एका दिवशी उपाशीपोटी, दुसऱ्या दिवशी भलत्याच वेळी, असं तपासून काहीच कळत नाही. पहिल्या घासाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा, ही जोडी हवी. मग तेच जेवण दुसऱ्या दिवशी, एकच गोष्ट बदलून: पोहे अर्धे आणि सोबत मटकीची उसळ, किंवा तेच पोहे आणि नंतर पंधरा मिनिटं चालणं. पट्ट्या महाग असतात, तेव्हा आठवड्यातून अशा दोन जोड्या जमल्या तरी पुष्कळ. दोघांनी मिळून हे केलं तर टिकतं, एकट्याचा उत्साह लवकर विरतो.

यातही गट घसरतो तो आकड्यांच्या शर्यतीत. मीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकात साखर १०० च्या वर असताना १५ टक्के फरक चालतो. काल १५१ आणि आज १४२, हा विजय नव्हे. दोघांच्या एचबीए१सीचीही (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) सरळ तुलना करू नये. लोह कमी असलेल्या बाईचा आकडा खोटा वाढू शकतो, सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार असेल तर तो फसवा निघू शकतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल जास्त आढळतो, तिथे हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

मेव्हण्याच्या बंद गोळीबद्दल एवढंच. गोळ्या थांबवून किमान तीन महिने झाल्यावर एचबीए१सी ६.५ च्या खाली असेल, तर त्याला रेमिशन, म्हणजे आजार शमलेला, म्हणतात. २०२१ पासून ही व्याख्या रूढ आहे. तेव्हा मेव्हण्यांना विचारा: कधी थांबवली आणि त्यानंतरचा रिपोर्ट कुठे आहे?

आता पुरावा. तो दोन्ही बाजूंनी आहे. आयर्लंडमध्ये २० दवाखान्यांतल्या ३९५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये आला. दोन वर्षांत नऊ गटबैठका. साखरेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तुम्ही हा नक्की दाखवाल. पण तिथल्या लोकांची साखर मुळात बऱ्यापैकी आटोक्यात होती. फिलाडेल्फियातल्या माजी सैनिकांवरचा अभ्यास २०१२ चा. सहा महिने, एकास एक जोडी. सोबती असा, की ज्याची साखर पूर्वी वाढलेली होती आणि आता ताब्यात आहे. त्यांचं सरासरी एचबीए१सी ९.८ वरून ८.७ वर आलं, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचं जवळपास होतं तिथेच राहिलं. आमचा निष्कर्ष: मोठ्या सभेपेक्षा जोडी बरी, आणि खरी गरज साखर हाताबाहेर असलेल्याला.

ती जोडी मिळवायची कशी? दोनशे जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपात नव्हे. तुमच्या डॉक्टरांना किंवा तिथल्या आहारतज्ज्ञांना विचारा: ‘माझ्याच वयाचा, साधारण याच औषधांवरचा, एचबीए१सी आधी नऊच्या वर असलेला आणि आता सातच्या आसपास आलेला कुणी बोलायला तयार आहे का?’ डॉक्टरांनी आधी त्या माणसाची परवानगी घेऊन मग नंबर द्यावा. आठवड्यातून एक फोन, ठरलेल्या वारी. मागच्या आठवड्यात कुठे अडलं, पुढच्या आठवड्यात एक काय करणार, डॉक्टरांना काय विचारायचं आहे, एवढ्यावर बोलावं. गृहिणीला गृहिणीच गाठून द्यावी. घरात सगळ्यांचं झाल्यावर तीनला जेवणाऱ्या बाईची अडचण ऑफिसात डबा खाणाऱ्याला कळत नाही. चतुर्थीला अर्धी वाटी साबुदाण्याची खिचडी, दाणे जास्त आणि सोबत काकडीची कोशिंबीर, हे तिला तिच्यासारखीच सांगेल. त्या दिवशी गोळीचं काय करायचं, ते डॉक्टर.

पायाला जखम, छातीत दुखणं, उलट्या थांबत नाहीत, साखर ३०० च्या वरून उतरत नाही: यावर सोबत्याचं मत घ्यायचं नाही. सोबत्याने फक्त दवाखान्यात न्यायचं.

राहिले चूर्ण विकणारे. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मनाई आहे. त्या यादीत मधुमेहाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. असा संदेश आला की त्यावर चर्चा करत बसू नये, पाठवणाऱ्याला त्याच दिवशी गटातून काढावं. तो कितीही जवळचा असला तरी.