बायोडाट्याच्या फोटोतील रंगाविषयी आमचे उत्तर

नमस्कार. मुलीच्या बायोडाट्यासाठी काढलेल्या फोटोत तिचा रंग उजळ करून देण्यास आणि गालावरचा तीळ काढण्यास आम्ही नकार दिला, लग्नाच्या अल्बममध्ये मात्र हवे ते बदल करतो आणि तरीही पैसे पूर्ण घेतले, अशी आपली तक्रार आहे. हा नकार आम्ही विचार करूनच दिला होता.

एडिटिंग आम्ही रोज करतो. पिवळ्या दिव्यांमुळे चेहऱ्यावर आलेली झाक काढतो, डोळ्यांखालची सावली हलकी करतो, चार दिवसांत जाणारी पुटकुळी पुसतो. निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग होत असे, तेव्हापासून स्टुडिओवाले हे करत आले आहेत. अल्बममधून मंडपाची लोंबणारी वायरही काढतो, कारण अल्बम पाहणारे नवरा-नवरीला ओळखत असतात. बायोडाट्याचा फोटो अनोळखी घरात जातो आणि पुढे भेटायचे की नाही, हे बरेचदा त्यावरच ठरते. पाहण्याच्या कार्यक्रमात फोटोशी तुलना झाली, तर अवघडून बसण्याची वेळ मुलीवर येते.

रंगाच्या बाबतीत मी अधिक कडक आहे. जून १९९४ मध्ये अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने खुनाच्या आरोपाखाली अटक झालेले माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर काळवंडून छापला. त्याच आठवड्यात 'न्यूजवीक' या दुसऱ्या साप्ताहिकाने तो बदल न करता छापल्यामुळे फरक सर्वांना दिसला आणि कृष्णवर्णीय माणूस अधिक भीतिदायक भासवल्याची टीका झाली. तिथे गडद रंगाला गुन्ह्याशी जोडले गेले, आपल्याकडे उजळ रंगाला पसंतीशी जोडतात. मुळाशी असलेला समज एकच आहे आणि माझ्या स्टुडिओतून त्याला हातभार लागू नये, असे मला मनापासून वाटते. गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिरातींतही सावळ्या व्यक्तीला कमी लेखू नये, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्येच सांगितले आहे. आपण आपल्याच मुलीच्या बाबतीत त्याहून कमी काळजी का घ्यावी?

घेतलेली रक्कम फोटो काढण्याची, प्रकाशदुरुस्तीची आणि प्रिंटची आहे, आणि ही तिन्ही कामे झालेली आहेत. तरीही फोटोत चेहरा प्रत्यक्षापेक्षा काळपट आला आहे असे आपल्याला वाटत असेल, तर तो प्रश्न प्रकाशयोजनेचा आहे आणि तो सोडवणे आमचे काम आहे. एखाद्या सकाळी मुलीला घेऊन यावे. खिडकीच्या उजेडात पुन्हा फोटो काढू, त्याचे वेगळे पैसे घेणार नाही, आणि त्यांतला कोणता द्यायचा ते तिलाच निवडू द्यावे.