‘दहा वर्षं नोकरी करा, कर्ज माफ’: पण कोणाचं?

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘अमेरिकेत एमएस करून तिथल्या विद्यापीठात किंवा सरकारी खात्यात दहा वर्षं नोकरी केली, की शैक्षणिक कर्ज माफ. बिनधास्त चाळीस लाख काढा.’ योजना खरी आहे. पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस, २००७ सालचा कायदा. बाकीचा मेसेज मात्र एकेक करून तपासायला हवा.

‘शैक्षणिक कर्ज माफ.’ माफ होतं ते फक्त अमेरिकन सरकारनं दिलेलं ‘डायरेक्ट लोन’. ते तिथल्या नागरिकांना, ग्रीन कार्डवाल्यांना आणि अशाच मोजक्यांना मिळतं. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलाला नाही. त्याचं कर्ज इथल्या बँकेचं, तारण बाबांचा फ्लॅट, सहकर्जदारही बाबाच. वॉशिंग्टनला त्याचं काय देणंघेणं? पुढे ग्रीन कार्ड मिळालं तरी हे जुनं कर्ज त्या योजनेत सरकवता येत नाही. तिकडच्या खाजगी कंपनीकडे वळवलं तरी ते खाजगीच राहतं.

बहुतेक घरांपुरता विषय इथेच संपतो. पण तिकडेच जन्मलेली आपली भाचरं-पुतणीही असल्या मेसेजवर विसंबतात, म्हणून पुढचं.

‘दहा वर्षं.’ मोजतात ते हप्ते, वर्षं नव्हेत. पात्र मालकाकडे (सरकार किंवा ना-नफा संस्था) पूर्णवेळ, म्हणजे आठवड्याला सरासरी किमान ३० तास, काम करताना भरलेले १२० हप्ते. ते सलग नसले तरी चालतं. मध्ये खाजगीत जाऊन आलात तरी आधीचे बुडत नाहीत. गोम वेगळीच आहे. नेहमीच्या दहा वर्षांच्या परतफेडीत १२० हप्त्यांत अख्खं कर्जच फिटतं, मग माफ करायला उरणार काय? शिल्लक राहायला हवी तर उत्पन्नानुसार हप्ता ठरणारी योजना घ्यावी लागते.

‘विद्यापीठात किंवा सरकारी खात्यात.’ तुमचं पद कोणी विचारत नाही, पगार कोण देतं ते बघतात. टेबल सरकारी कचेरीत, पण पगार नफा कमावणाऱ्या कंत्राटदाराचा, तर सहसा ते हप्ते धरत नाहीत. नफ्यासाठी चालवलेलं विद्यापीठही बाद. डब्ल्यू-२ म्हणजे पगार आणि कापलेला कर दाखवणाऱ्या फॉर्मच्या ‘बी’ चौकटीत मालकाचा क्रमांक असतो. तो फेडरल स्टुडंट एड या तिथल्या सरकारी कर्जखात्याच्या साइटवर टाकला की मालक पात्र आहे का ते कळतं. पाच मिनिटांचं काम, आणि ते नोकरी धरतानाच करायचं.

कोणीतरी खाली लिहितंच, ‘बायडेननं सगळ्यांचंच माफ केलंय.’ ती २०२२ची वेगळी घोषणा. सुप्रीम कोर्टानं जून २०२३मध्ये रद्द केली. दुसरा म्हणतो, ‘९९ टक्के अर्ज फेटाळतात, थोतांड आहे.’ पहिले १२० हप्ते पुरे झाले ते २०१७ला; हा आकडा त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतला. पुढे नियम सैल झाले आणि २०२४पर्यंत याच योजनेत दहा लाखांहून जास्त लोकांचं कर्ज माफ झालं.

इथल्या कर्जावर मिळतं ते एवढंच: जुन्या करप्रणालीत भरलेल्या व्याजाची वजावट, जास्तीत जास्त आठ वर्षं. मुद्दल आपलं आपणच फेडायचं.